व्हायब्रेशन मशीनवर चार महिने : व्यायाम झाला की नुसती थरथर?

पार्श्वभूमी

हे प्रकरण ६४ वर्षांच्या एका बाईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वजन ६८ किलो. दोन्ही गुडघ्यांत मध्यम स्वरूपाचा संधिवात. अस्थिघनतेच्या तपासणीत टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलना) उणे १.६, म्हणजे ऑस्टिओपेनिया, हाडं काहीशी विरळ झालेली. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा सरासरी अंदाज) ६.० टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. औषध फक्त रक्तदाबाचं. कित्येक वर्षं त्या रोज ४० मिनिटं चालत होत्या, ताशी साधारण ४ किलोमीटरच्या वेगाने. बाकी व्यायाम काहीच नाही.

वार्षिक तपासणीत ३० सेकंदांची उठ-बस चाचणी झाली होती. हात छातीवर बांधून खुर्चीतून पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं, आणि ३० सेकंदांत किती वेळा जमलं ते मोजायचं. त्यांचा आकडा ११ आला. ६० ते ६४ वयाच्या स्त्रियांमध्ये १२ पेक्षा कमी आकडा सरासरीच्या खालचा समजतात. तेव्हा हा आकडा नोंदवहीत गेला आणि तिथेच राहिला.

काही महिन्यांनी उजवा गुडघा सुजला आणि चालणं दुखायला लागलं. मुलाने घरी व्हायब्रेशन मशीन आणून दिलं. “आई, यावर दहा मिनिटं उभी राहत जा, तासभर चालल्यासारखं होतं,” हे जाहिरातीतलं वाक्य त्याने जसंच्या तसं सांगितलं. मशीन घरगुती, डुलत्या फळीचं : मध्यभागी आस, डावी बाजू वर गेली की उजवी खाली. धरायला दांडा नाही. रिमोटवर १ ते ९९ पातळ्या.

अडचण

बाई सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटं मशीनवर उभ्या राहू लागल्या. गुडघे सरळ, पातळी २० च्या आसपास, समोर टीव्ही. दुसऱ्या आठवड्यात चालणं पूर्ण थांबलं, कारण आता त्याची गरज उरली नाही असं वाटलं. चार महिन्यांत एकही दिवस चुकला नाही.

फिजिओथेरपिस्टकडे त्या गेल्या ते वेगळ्याच तक्रारी घेऊन. सोफ्यातून उठताना हाताचा आधार लागतो, कंबर जड वाटते, जिना चढताना धाप लागते. उठ-बस चाचणीत आकडा ८ आला. खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जायचं, वळून येऊन पुन्हा बसायचं, या चाचणीला १२.१ सेकंद लागले. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला धरतात. एचबीएवनसी ६.३ वर गेलं होतं.

दोन गोष्टींनी सगळ्यांची दिशाभूल झाली होती. पहिली मनगटावरचं घड्याळ. मशीनच्या हलण्याने हात हलत आणि घड्याळ ते पावलं म्हणून मोजत असे, त्यामुळे घरच्यांच्या नजरेत बाईंची हालचाल उलट वाढली होती. दुसरी गोष्ट म्हणजे पिंडऱ्यांना सुटणारी खाज आणि लाली. “चरबी जळते ना, म्हणून खाजतं,” असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. खरं कारण साधं आहे. कंपनाने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो. सुरुवातीच्या दिवसांत हे बऱ्याच जणांना होतं आणि चरबीशी त्याचा काही संबंध नाही.

फिजिओथेरपिस्टने विचारलं, “मशीनवर असताना बोलताना दम लागतो का? दहा मिनिटांनी मांड्या थकतात का?”

“नाही हो, उलट मोकळं वाटतं.”

निदानाला एवढं पुरेसं होतं. व्यायाम म्हणायला दोनपैकी किमान एक गोष्ट घडावी लागते. एक तर हृदय-फुप्फुसांवर काही मिनिटं टिकणारा ताण यावा, नाहीतर स्नायूला त्याच्या क्षमतेच्या जवळ जाऊन काम करावं लागावं. शिवाय तो ताण आठवड्यागणिक वाढत गेला पाहिजे. इथे दोन्ही नव्हतं, आणि चार महिन्यांत वाढलेलं काहीच नव्हतं.

ऊर्जेचा हिशेब केला तर फरक आकड्यांत दिसतो. सरळ उभं राहून कंपन घेण्याला उदारपणे २ मेट धरू; शांत बसण्याला लागणारी ऊर्जा म्हणजे १ मेट. ६८ किलो वजनाला मिनिटाला सुमारे २.४ किलोकॅलरी होतात, २० मिनिटांना ४८. यातला निम्मा खर्च नुसतं बसून राहिल्यानेही झाला असता. ताशी ४ किलोमीटर चालणं ३ मेटचं, म्हणजे ४० मिनिटांना सुमारे १४३. बाईंनी रोज १४३ सोडून ४८ घेतले होते.

यंत्राची तपासणी

पातळी २० म्हणजे किती कंपन, हे मशीनवर लिहिलेलं नव्हतं आणि माहितीपत्रकातही नव्हतं. हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. फळीच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावला, बाईंना फळीवर उभं केलं आणि फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं संथ चित्रण घेतलं. पातळी २० ला दहा आवर्तनांना ४०० चौकटी लागल्या, म्हणजे ६ हर्ट्झ (सेकंदाला ६ आवर्तनं). ९९ ला सुमारे २१८ चौकटी, म्हणजे ११ हर्ट्झ. फळी रिकामी असताना हीच पातळी १३ हर्ट्झ दाखवत होती. मोटर लहान असली की अंगाच्या वजनाखाली वेग पडतो, म्हणून मोजमाप माणूस उभा करूनच घ्यायचं.

मग फळी किती वर-खाली होते ते पाहिलं. फळीला पेन बांधलं आणि शेजारी पुठ्ठा उभा धरला. पुठ्ठ्यावर उमटलेल्या रेघेची लांबी म्हणजे एकूण विस्थापन. जिथे बाईंचा पाय पडत होता तिथे ती ६ मिलिमीटर भरली. त्वरणाचं सूत्र सरळ आहे : निम्मं विस्थापन गुणिले (२π × वारंवारता) चा वर्ग. ६ हर्ट्झला ४.३ मीटर प्रति सेकंद वर्ग येतात, म्हणजे ०.४३ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). ११ हर्ट्झला १४.३, म्हणजे जवळजवळ १.५ जी.

यातून दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली अशी की ‘हळू’ पातळी सौम्य नव्हती. माणसाच्या धडाचा उभ्या दिशेतला अनुनाद साधारण ४ ते ८ हर्ट्झमध्ये असतो. या पट्ट्यात आलेलं कंपन स्नायूंनी शोषण्याऐवजी पोट आणि कंबर त्याच तालात हलायला लागतात. गुडघे सरळ असले की हाडांच्या सांगाड्यातून ते थेट वर चढतं. कंबरेच्या तक्रारीचं हे एकमेव कारण होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण संशय घ्यायला जागा पुरेशी होती. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या निर्देशात कामगारांच्या सर्वांगी कंपनासाठी आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाला उपाय सुरू करावे लागतात आणि १.१५ ही कमाल मर्यादा आहे. बाईंची रोजची २० मिनिटं याच पद्धतीने आठ तासांवर पसरली तर फळीपाशी सुमारे ०.६ येतात. ही तुलना ढोबळ आहे. तो नियम वाहनं आणि अवजड यंत्रं चालवणाऱ्यांसाठी आहे, आणि डुलत्या फळीचं कंपन अख्खी फळी सरळ वर-खाली होणाऱ्या यंत्राइतकं डोक्यापर्यंत पोचत नाही. तरीही ‘नुसतं उभं राहायचं, त्यात काय अपाय’ हा समज इथे टिकत नाही.

दुसरी गोष्ट मशीनच्या कमाल कुवतीची. डुलत्या फळीच्या वैद्यकीय यंत्रांवर साधारण १२ हर्ट्झपर्यंतचं कंपन सैल होण्यासाठी आणि ताकदीसाठी २० च्या वरचं वापरतात. हे मशीन पूर्ण जोरातही ११ वर अडकत होतं. पातळ्या ९९ असल्या तरी ताकदीच्या पट्ट्यात त्यातली एकही बसत नव्हती.

पुढे ठेवलेले पुरावे

मुलाकडे त्याची बाजू होती आणि ती उडवून लावण्यासारखी नव्हती.

पहिला मुद्दा २०१७ सालच्या उंदरांवरच्या प्रयोगाचा. त्यावर ‘कंपन व्यायामाइतकंच गुणकारी’ अशा बातम्या झाल्या होत्या. त्या उंदरांमध्ये भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा संदेश घेणारा ग्राहक (रिसेप्टर) जन्मतःच नव्हता, म्हणजे ते अतिस्थूल आणि मधुमेही होते. रोज २० मिनिटं, ३२ हर्ट्झ, ०.५ जी, असं १२ आठवडे. त्यांच्यात चयापचय सुधारला, निरोगी उंदरांमध्ये तसं दिसलं नाही. एवढ्याशा प्राण्यावरून ६८ किलोच्या माणसाबद्दल निष्कर्ष काढायला एवढा आधार पुरत नाही.

दुसरा मुद्दा अंतराळवीरांचा. बर्लिनमध्ये २००३ पासून झालेल्या अभ्यासात अंतराळातल्या वजनरहित अवस्थेची नक्कल म्हणून २० तरुण पुरुषांना ५६ दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं होतं. कंपनासह व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची झीज बरीच कमी झाली. पण ते फळीवर नुसते पाय टेकवून पडले नव्हते. पट्ट्यांनी शरीर फळीकडे जोराने ओढून धरलं होतं आणि त्या भाराविरुद्ध ते स्क्वॉट आणि टाचा उचलण्याचे प्रकार करत होते. म्हणजे तिथे प्रतिकाराचा व्यायाम झाला होता आणि त्यात कंपन मिसळलेलं होतं. जाहिरातीत मात्र ‘अंतराळवीर वापरतात’ एवढंच उरतं.

तिसरा मुद्दा हाडांचा, आणि ऑस्टिओपेनियामुळे बाईंना त्याचीच सर्वांत जास्त आशा होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या टोरांटोच्या चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या, ऑस्टिओपेनिया असलेल्या २०२ स्त्रिया होत्या. रोज २० मिनिटं, ०.३ जी, ३० किंवा ९० हर्ट्झ, असं वर्षभर कंपन दिलं. अस्थिघनतेत फरक पडला नाही.

मग कंपनात काहीच नाही का? आहे. कंपन लागलं की स्नायू प्रतिक्षेपाने आकुंचन पावतो, हे १९६० च्या दशकापासून माहीत आहे. गुडघे वाकवून फळीवर उभं राहिलं की मांडी आणि पिंडरी जास्त काम करतात, कारण कंपन जिरवायचं काम त्यांच्यावर येतं. ज्यांना नेहमीचा व्यायाम झेपतच नाही, उदाहरणार्थ तीव्र सीओपीडीचे (फुप्फुसांच्या श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराचे) रुग्ण, त्यांच्या पुनर्वसनात देखरेखीखाली फळीवरच्या स्क्वॉटचा उपयोग झालेला आहे. वृद्धांमध्ये काहीच न करणाऱ्यांशी तुलना केली तर पायांची ताकद वाढते. मात्र तेच स्क्वॉट जमिनीवर करणाऱ्यांशी तुलना केली की फरक छोटा होतो आणि अभ्यासागणिक बदलत राहतो.

पर्याय

मशीन बंद करून फक्त चालणं आणि ताकदीचे व्यायाम, हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता. त्याविरुद्ध एकच गोष्ट होती. चार महिने एकही खाडा न करणाऱ्या माणसाची सवय मोडली की ती जागा नव्या सवयीने भरतेच असं नाही.

वेळ आणि पातळी वाढवायची, ही बाईंची स्वतःची सूचना. ती तिथेच नाकारली. सरळ गुडघ्यांनी जास्त वेळ उभं राहिल्याने स्नायूवरचा ताण वाढत नाही, वाढतो तो फक्त कंबरेपर्यंत पोचणारा मार.

तिसरा पर्याय निवडला : ताकद जमिनीवर कमवायची, चालणं परत सुरू करायचं, आणि मशीन शेवटच्या पाच-सहा मिनिटांपुरतं, तेही गुडघे वाकवून. या निवडीमागे शरीरशास्त्र कमी आणि बाईंचा स्वभाव जास्त होता, आणि ते योग्यच होतं.

त्याआधी चार महिन्यांपूर्वी विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले : पेसमेकर, पायात रक्ताची गुठळी, अलीकडचं फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया, बसवलेला सांधा, मूतखडा किंवा पित्तखडे, अपस्मार, पायावर जखम, दृष्टिपटलाचा आजार. सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ असं आलं. फक्त मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अडीच महिन्यांवर होती.

काय केलं

पहिले दोन आठवडे मशीन बंद. सपाट जागी १० मिनिटं चालणं, दिवसातून तीनदा. खुर्चीवर उशी ठेवून बैठक ५२ सेंटिमीटर उंच केली आणि एक दिवसाआड उठ-बस, ८ च्या ३ फेऱ्या. बैठक जितकी खाली तितका गुडघ्यावर भार जास्त, म्हणून सुरुवात उंचीवरून. दुखण्याचा नियम : करताना दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पूर्वीच्या पातळीला आलं पाहिजे. तसं झालं नाही तर पुढच्या वेळी एक फेरी कमी.

तिसऱ्या आठवड्यापासून मशीन, आठवड्यातून तीन दिवस, उठ-बस झाल्यावर. पातळी ९९. पाय अनवाणी, कारण जाड मऊ तळाचे बूट कंपन खाऊन टाकतात. गुडघे ४५ ते ५० अंश वाकलेले, वजन तळव्याच्या पुढच्या भागावर, बोटांची टोकं जड टेबलाच्या कडेवर. ३० सेकंद कंपन, ६० सेकंद विश्रांती, सहा वेळा. डोकं हलतंय, दात वाजतायत किंवा नजर अंधूक होतेय असं वाटलं तर गुडघे आणखी वाकवायचे. तरी थांबलं नाही तर उतरायचं.

चौथ्या आठवड्यात गडबड झाली. ‘जास्त परिणाम व्हावा’ म्हणून बाईंनी पाय फळीच्या कडांकडे सरकवले. डुलत्या फळीवर आसापासून पाय जितका दूर तितकं विस्थापन मोठं. मोजल्यावर तिथे ९ मिलिमीटर आले, म्हणजे त्याच ११ हर्ट्झला त्वरण १.५ वरून सुमारे २.२ जी. एवढ्यावर पाय फळीपासून क्षणभर सुटतो आणि पुन्हा आपटतो. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा सुजला. चार दिवस विश्रांती, आणि फळीवर पाय ठेवायच्या जागेला चिकटपट्टीच्या खुणा. रिमोटवर पातळी कायम असतानाही पायाच्या जागेने भार जवळजवळ दीडपट होतो, हे माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

पाचव्या आठवड्यापासून उशी काढली आणि उठ-बस करताना पाठीवर पिशवीत २ किलो वजन. दर फेरीच्या शेवटी ‘आणखी दोन-तीनच जमतील’ असं वाटलं पाहिजे. पाच-सहा सहज जमतील असं वाटलं की वजन वाढवायचं. दहाव्या आठवड्यापर्यंत ६ किलो झालं. चालणं ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेलं किमान प्रमाण इथे भरतं : आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम.

अकराव्या आठवड्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात बसवलेलं कृत्रिम भिंग कंपनानंतर सरकल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे, म्हणून मशीन बंद केलं. नेत्रतज्ज्ञांनी सांगितलेल्या काळात वजनं आणि वाकणं बंद ठेवून फक्त चालणं चालू राहिलं, मग उठ-बस हळूहळू परत आली. मशीन मात्र आलं नाही.

निकाल

दहाव्या आठवड्यात उठ-बस ८ वरून ११. बाविसाव्या आठवड्यात १४. चालून येण्याची चाचणी १२.१ वरून ९.४ सेकंदांवर. एचबीएवनसी परत ६.० वर. वजन जवळजवळ तेवढंच. कंबरेचा जडपणा मशीन बंद असलेल्या पहिल्या दोन आठवड्यांतच गेला.

शस्त्रक्रियेमुळे अनायासे एक तुलना मिळाली. पहिल्या दहा आठवड्यांत, तिसऱ्यापासून, मशीन होतं, तेव्हा ३ ची वाढ. पुढच्या बारा आठवड्यांत मशीन नव्हतं, मध्ये काही दिवस वजनंही बंद होती, तरी आणखी ३ ची वाढ. एका व्यक्तीवरून नियम काढता येत नाही, आणि गमावलेली ताकद सुरुवातीला झपाट्याने परत येते हेही खरं. पण कंपन हाच मुख्य घटक असता तर दुसऱ्या टप्प्यात आलेख आडवा व्हायला हवा होता. तो झाला नाही.

मशीनचा एक फायदा मान्य करायला हवा. दुखऱ्या गुडघ्यामुळे पाय वाकवायला घाबरणाऱ्या बाईंना फळीवर टेबल धरून अर्धं वाकण्याची सवय लागली, आणि ती जमिनीवर उपयोगी पडली. टेबलाशी नुसतं वाकूनही ती कदाचित लागली असती.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली संधी मशीन यायच्या आधीच हुकली. उठ-बसचा आकडा ११ आला तेव्हाच ताकदीचे व्यायाम सुरू व्हायला हवे होते. नुसत्या चालण्याने मांड्यांची ताकद टिकत नाही, आणि कमकुवत मांड्यांमुळे गुडघ्यावर भार वाढतो. गुडघा सुजल्यावर चालणं दहा-दहा मिनिटांत मोडता आलं असतं. तो पर्याय समोर असता तर मशीनची जाहिरात एवढी पटली नसती.

मोजमाप चौथ्या महिन्यात नको होतं, चौथ्या आठवड्यात हवं होतं. उठ-बसला ३० सेकंद लागतात आणि एक खुर्ची. आकडा ११ वरून १० झाला असता तरी दिसला असता. घड्याळातली पावलं मशीनवर असताना बंद ठेवायची, किंवा घड्याळ काढून ठेवायचं.

फिजिओथेरपिस्टच्या योजनेतही एक उणीव राहिली. फळीवर पाय कुठे ठेवायचे याच्या खुणा तिसऱ्या आठवड्यातच करायला हव्या होत्या. विस्थापन मोजताना ते एकाच जागी मोजलं. दोन-तीन जागी मोजलं असतं तर कडेचा धोका आधीच कळला असता. शिवाय शस्त्रक्रियेची तारीख माहीत असताना जेमतेम आठ आठवड्यांसाठी मशीन योजनेत घ्यायचं का, हा प्रश्न नीट चर्चेला आला नाही. तेवढा वेळ पायरी चढ-उतारीला दिला असता तर तोल आणि ताकद दोन्हींवर काम झालं असतं. सध्या तीच चालू आहे : १५ सेंटिमीटर उंचीची पायरी, कठड्याला एक हात, प्रत्येक पायाने ८ वेळा, आठवड्यातून तीन दिवस.